नारिंगी जाळी

न्यावामा गावच्या दवाखान्यात त्या सकाळी एकच जीव भरती झाला होता. बाळंतपणाच्या खाटेवर एक कोंबडी अंड्यावर बसली होती. इसाटा सिस्टरने तिला हुसकावलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

इबोलाची साथ सरून दीड वर्ष झालं होतं. नवं छप्पर आलं, नवी खाट आली, औषधांची खोकी आली. आलं नाही ते फक्त माणूस. लस टोचायला मुलं नाहीत, बाळंतपणाला बाया नाहीत. आणि गावातल्या बाइंदूचे तर दिवस भरत आले होते. तिचं पहिलं मूल पायाळू होतं, ते घरातच दगावलं. तरी यंदाही ती घरीच बाळंत होण्यावर अडून बसली होती.

तेवढ्यात तेने आजी आली. अर्धा गाव हिच्याच हातांवर जन्मलेला. काहीतरी मागायला आलेल्या माणसानं करावं तसं तिनं तळहातावर कोलाच्या, मान म्हणून द्यायच्या दोन कडू बिया पुढं धरल्या.

"आजी, तिथं स्टुलावर ठेवा," इसाटा म्हणाली आणि सवयीनं त्यांवर क्लोरीनचा फवारा मारला.

आजी बघतच राहिली. "कोलाला आंघोळ? पोरी, मी भेट आणली की रोगी आणला?"

"नियम आहे आजी. कुणाच्या हातून काही घ्यायचं नाही."

"कधीचा?"

"साथीतला."

"आणि साथ कुठंय?"

"संपली की. घसा कोरडा पडला सांगून सांगून, पण या अडाणी लोकांना पटेल तर ना."

आजीनं दारापुढच्या नारिंगी जाळीला काठी टेकवली. साथीत रोग्यांना या जाळीपलीकडे ठेवत आणि घरच्यांना अलीकडे. "मग ही कुणाला अडवायला ठेवलीयस?"

"बांधायचा हुकूम आला होता. सोडायचा आलाच नाही."

"या जाळीआड बाइंदूची आई गेली. पुन्हा दिसली नाही. तू तोंडानं म्हणतेस, रोग गेला. जाळी म्हणते, आहे अजून. बाइंदूनं कुणाचं ऐकावं? अडाणी कोण गं, ती का आपण?"

साथीत इसाटाबरोबरच्या दोन नर्स गेल्या होत्या. तेव्हापासून तिनं हातमोज्याशिवाय कुणाचा हात धरला नव्हता. बाइंदूइतकीच तीही घाबरलेली होती! फक्त तिच्या भीतीला कुणी अडाणीपणा म्हणत नव्हतं, नियम म्हणत होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं कात्री आणली आणि जाळी कापून काढली. मग साबणानं हात धुतले, आजीलाही धुवायला लावले, आणि पिशवीत उरलेली तिसरी बी आजीच्या हातून घेऊन मोडली. अर्धी आजीला, अर्धी स्वतःला. तोंड कडू झालं, तरी तिनं ती चावून खाल्ली.

"साबण राहू दे, जाळी जाऊ दे," आजी म्हणाली. "मला दे. शेळ्या माझ्या शेतातला कसावा ठेवत नाहीत."

संध्याकाळी बाइंदू आपल्या घरच्या अंगणात कसाव्याचा पाला कांडत होती. इसाटा तिच्या चटईवर बसली आणि तिनं तिचा हात हातात घेतला. बाइंदू त्या हाताकडे पाहत राहिली.

"जाळी?" तिनं विचारलं.

"आजीच्या शेळ्यांना अडवतेय."

"आणि आजी आत येणार?"

"खाटेशेजारीच."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाइंदू स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आली. हेही मूल पायाळूच निघालं. इसाटाचे हातमोज्यांतले हात काम करत होते, आजी बाइंदूला धीर देत होती. दुपारी मुलीनं असा टाहो फोडला की बाहेर बसलेल्या सासूबाई नाचायलाच लागल्या. पुढच्या आठवड्यात लस टोचायला रांग लागली. कोंबडीनं दुसरं घर शोधलं.

बंधुभगिनींनो, साथीनंतर छपरं आणि खाटा बाहेरून आणता येतात. विश्वास मात्र माणसानं माणसाजवळ जाऊनच परत मिळवावा लागतो. साथीनं शिकवलेली स्वच्छता जपावी आणि तिनं शिकवलेली भीती सोडावी. संकटात बांधलेली एखादी जाळी आपल्याही दारापुढं उरलेली असेल. ती सोडायचा हुकूम कुठून येत नसतो, कात्री आपल्यालाच आणावी लागते.