कप्तानबाईंचा डावा हात

"खोटं आहे हे! साफ खोटं!"

थिएटर गच्च भरलेलं होतं. पडद्यावर कप्तानबाईंनी डाव्या हातातला काळा हातमोजा कोपरापासून खाली उतरवला होता आणि सगळी माणसं श्वास रोखून बघत होती. त्या शांततेत मधल्या रांगेतून हा आवाज आला. पुढची चार डोकी मागे वळली, कुणीतरी "शूऽ" केलं. बोलणाऱ्या बाई खुर्चीच्या कडेवर येऊन पडद्याकडे डोळे वटारून बघत होत्या. शेजारी त्यांचे यजमान, धंद्याने इलेक्ट्रिशियन, पहिलं यान उडालं तेव्हापासून झोपले होते. ते दचकून जागे झाले.

"काय गं? लाइट गेली?"

"अहो, हात बरा आहे तिचा! काही म्हणजे काही झालेलं नाही!"

"मग चांगलंच आहे की," म्हणून यजमानांनी पुन्हा डोळे मिटले.

बाईंना घरीदारी सगळे सिस्टर म्हणत. सासूबाई होत्या तोवर त्याही चारचौघांत सिस्टरच म्हणायच्या. डायलिसिसच्या वॉर्डात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ज्यांच्या किडन्या कामातून गेल्या आहेत अशी माणसं तिथे आठवड्यातून तीनदा येतात, चार तास खुर्चीत पडून राहतात आणि शेजारचं मशीन त्यांचं रक्त बाहेर घेऊन, साफ करून परत आत सोडतं. त्यासाठी हातात दोन जाड सुया टोचाव्या लागतात. या कामात सिस्टरचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि हे त्या स्वतःच सांगत. विनयाच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत.

वॉर्डात एक टीव्ही होता. त्यावर काय लावायचं यावरून रोज भांडणं व्हायची. शेवटी सकाळच्या पाळीतल्या पेशंटांपैकी टेलरकाकांनी कप्तानबाईंचे जुने तिन्ही सिनेमे पेनड्राइव्हवर घालून आणले आणि भांडण मिटलं. कप्तानबाई एकट्याच अवकाशयान हाकायच्या, कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत, आणि डाव्या हातातला हातमोजा झोपतानासुद्धा काढायच्या नाहीत. का, ते तिन्ही भागांत कुणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं लोक त्यावर डोकेफोड करत होते. आता त्याच्याही आधीची गोष्ट सांगणारा सिनेमा येणार, त्यात हातमोजा उतरणार, अशी जाहिरात झाली आणि वॉर्डात दुसरा विषयच उरला नाही.

"आधीचं नंतर दाखवतात," खिडकीजवळच्या खुर्चीतले निवृत्त कंडक्टर कुरकुरले होते. "आधी उतारू उतरवायचे, मग त्यांना तिकीट द्यायचं. असा धंदा मी केला असता तर घरी बसवलं असतं मला."

पण तिकीट त्यांनीच सगळ्यांच्या आधी काढलं.

सिस्टरच्या रागाचं कारण मात्र निराळं होतं. ते कारण एकोणीस वर्षांचं होतं, पाळीत सगळ्यांत लहान म्हणून त्याला धाकटी म्हणत. डायलिसिससाठी हातातली शीर ऑपरेशन करून धमनीला जोडतात. मग ती शीर फुगते, तिच्यावर गाठी येतात, बोट ठेवलं तर आत झुणझुणतं. धाकटीला त्या हाताची शिसारी होती. भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायची. मग तिने यायचंच टाळलं, एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या वेळी फुप्फुसात पाणी भरलं आणि तिला स्ट्रेचरवरून आणावं लागलं. तिची आई बाहेरच्या बाकावर भिंतीकडे बघत बसून राहिली. पुन्हा असं झालं तर आपल्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

शुद्धीवर आल्यावर धाकटी म्हणाली, "मी नाही येणार. हा असला हात घेऊन मी जाऊ कुठं?"

सिस्टरनी समजूत घातली, रागावून पाहिलं, हात टेकले. समोर टीव्ही चालू होता. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ती बघ, ती गेलीच की."

"कोण?"

"कप्तानबाई. हातमोजा कशासाठी घालते, असं वाटतं तुला? थंडी वाजते म्हणून? अगं, तुझ्यासारखाच हात आहे तो. लहानपणापासून मशीनवर आहे ती. यानात मशीन आहे, इंजिनाच्या मागच्या खोलीत. आठवड्यातून तीनदा जाते. सिनेमात दाखवत नाहीत, एवढंच."

थाप होती. पण बसली. पुढच्या वेळी धाकटी आपणहून आली आणि तिने विचारलं, "मग तिला दिवसाला किती पाणी प्यायला चालतं?" त्यानंतर गोष्ट वाढतच गेली. मशीन कोण लावतं, तर यानातला म्हातारा मेकॅनिक. लढाई आणि डायलिसिस एकाच दिवशी आलं तर? लढाई पुढे ढकलतात. कंडक्टरनी मेकॅनिकला मिशा दिल्या. टेलरकाकांनी हातमोज्याला आतून मऊ अस्तर लावलं, गाठींना टोचू नये म्हणून. धाकटीने तेव्हापासून डायलिसिसचा एकही वार चुकवला नव्हता. सिस्टरना या गोष्टीचा अभिमान होता, आणि अभिमान त्या लपवत नसत.

आणि आता पडद्यावर तो हात आख्ख्या गावाला दिसत होता. लोण्यासारखा गुळगुळीत. ना गाठ, ना वण. मरणाऱ्या सेनापतीने आठवण म्हणून हातमोजा दिला आणि हा एक प्रसंग सोडला तर कप्तानबाईंनी तो कधी काढला नाही, एवढीच गोष्ट. थिएटरात अर्ध्या लोकांनी डोळे पुसले.

बाहेर पडताना जिन्यावर नुसता कलकलाट. "काय सीन होता यार!" "डोंबलाचा सीन! एवढ्यासाठी वीस वर्षं?" "तुला कळलंच नाही, तो हातमोजा म्हणजे प्रेम आहे." "प्रेम आहे तर धुवायला तरी काढायचा!" एक मुलगी मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडत होती. एक गृहस्थ बायकोला पहिल्यापासून सगळं समजावून सांगत होते आणि बायको पार्किंगची पावती शोधत होती. सिस्टरना यातलं काही ऐकू येत नव्हतं. धाकटी मैत्रिणींबरोबर संध्याकाळच्या खेळाला जाणार होती.

"तिला फोन करून जाऊ नको म्हणू का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"म्हण. म्हणजे ती पळतच जाईल," स्कूटरला किक मारत यजमान म्हणाले. झोपेतही या माणसाला नेमकं कळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर नेहमीपेक्षा लवकर वॉर्डात पोचल्या. मशीनं धुऊन तयार होती. टेलरकाका आले, वजनकाट्यावर उभे राहिले, आणि उतरायच्या आतच बोलू लागले.

"सिस्टर, मी रडलो हो. सेनापती गेला तिथे हमसून रडलो. हातमोज्याची शिवण मात्र उलटी होती. कोपरापाशी."

"रडलात?" कंडक्टर खुर्चीतून म्हणाले. "मी पैसे परत मागितले. वीस वर्षं लोकांना रांगेत उभं केलं, आणि शेवटी काय, तर हात बरा! हात बरा हे बघायला तिकीट लागतं?"

मग दोघेही धाकटीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायला लागले.

"तिनं पाहिला असेल का?" टेलरकाकांनी हळूच विचारलं.

"काल संध्याकाळी," सिस्टर म्हणाल्या.

"आपण सांगू, की ते स्वप्न होतं," कंडक्टर म्हणाले. "कप्तानबाईला पडलेलं. तिघांनी एकच सांगितलं की खरं वाटतं. मी बसमध्ये पाहिलंय."

"किंवा हात डावा नव्हताच," टेलरकाका म्हणाले. "आरशातला होता."

"कुणी काही बोलायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी बघते काय ते."

काय बघणार, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण बोलल्या अशा की दोघांनाही धीर आला. त्यांनी टेलरकाकांना सुया लावल्या, कंडक्टरना लावल्या, दोन्ही मशीनं सुरू केली. धाकटीची वेळ झाली. वेळ टळली. सिस्टर दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी तिच्या आईला फोन लावला.

"निघालीय हो ती केव्हाची," आई म्हणाली. "मी बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाली. पोचली नाही का? सिस्टर, पोचली नाही का अजून?"

"येईल. रस्त्यात गर्दी असेल," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माणसं जाताना पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी कामावर आल्या होत्या. या पोरीचं काही झालं तर आपण येऊ शकणार नाही, हे त्यांना तिथे उभ्याउभ्या कळलं. आपल्या थापेवर एक जीव टांगून ठेवला होता. केवढा शहाणपणा!

दार ढकलून धाकटी आत आली. कुणाकडे न बघता पिशवी ठेवली, वजन केलं, खुर्चीत बसली. तिचे डोळे सुजलेले होते. टेलरकाकांनी टीव्हीत डोकं घातलं. टीव्ही बंद होता.

"खोटं बोललात तुम्ही," ती म्हणाली.

सिस्टरकडे उत्तरं तयार होती, स्वप्न आणि आरसा धरून पाच-सहा. त्यातलं एकही त्यांनी काढलं नाही.

"हो. बोलले."

"का?"

"तू येत नव्हतीस. मरत होतीस. मला दुसरं काही सुचलं नाही."

धाकटीने बाहीची कड बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मशीनची घरघर तेवढी चालू होती.

"आज मला यायचंच नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "दोन बस सोडल्या. काल तो हात बघून मला इतकं रडू आलं, की मैत्रिणींना वाटलं सेनापती मेला म्हणून रडतेय. सगळ्या म्हणत होत्या, किती सुंदर, किती सुंदर. मग बसस्टॉपवर बसल्या बसल्या राग आला. तुमचा नाही. म्हणजे तुमचाही आला. पण त्या कप्तानबाईचा जास्त. काय झालं होतं हो तिला? काही नाही! धडधाकट हात झाकून वीस वर्षं मिरवली. यान काय, कुणीही उडवेल. इथे येऊन चार तास बसून दाखव म्हणावं!"

"एकदा नाही!" खिडकीजवळून कंडक्टर ओरडले. "आठवड्यातून तीनदा!"

"आणि पाणी मोजून प्यायचं," टेलरकाका म्हणाले. "तिथेच रडेल ती."

धाकटी हसली नाही, पण तिचा चेहरा सैल झाला. तिने बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात सिस्टरसमोर ठेवला.

सिस्टर स्टुलावर बसल्या. गाठींवरून बोट फिरवलं, आतलं झुणझुणणं तपासलं, कातडी पुसली. सुई उचलली. रोजचंच काम, पण डोळ्यांत पाणी आलेलं आणि ते पुसायला हात मोकळा नाही. सुई आत गेली आणि नळीत रक्त आलं नाही. शिरेच्या बाजूने गेली होती. धाकटीने ओठ दातांखाली घट्ट धरला. सिस्टरनी सुई बाहेर काढली, कापूस दाबून धरला. तेवढ्यात कातडीखाली निळं दिसायला लागलं.

सिस्टरची सुई चुकलेली कुणी पाहिलीच नव्हती.

"दुसऱ्या सिस्टरला बोलावते," त्या म्हणाल्या. "माझा हात आज..."

"नको. तुम्हीच लावा."

"दुखतंय तुला."

"दुखतंय. थोडं वर घ्या, तिथे चांगली आहे शीर." धाकटीने त्यांच्या बोटांखालचा कापूस दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरला. "आधी डोळे पुसा. घाई नाही, सिस्टर. मी कुठे जात नाहीये."

सिस्टरनी हातातले मोजे काढून टाकले, डोळे पुसले, हात धुतले, नवे मोजे चढवले आणि नव्या सुईचं पाकीट फोडलं. धाकटी हात तसाच पुढे धरून बसली होती.