टाचेची भेग

“आरं, खोटं हाय हे सगळं!”

पडद्यावर बारा वर्षं खाटेवर लुळा पडलेला जमीनदार वेरूळच्या डोंगरावर धूम पळत सुटला होता. खुनी तोच निघाला होता. थिएटरात शिट्ट्या चालल्या होत्या, आणि त्या थांबल्या नेमक्या त्याच क्षणी द्वारकाबाईंचा आवाज चार रांगा पलीकडे गेला. शेजारी बसलेल्या त्यांच्या सुनेला, मोनिकाला, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आई, हळू! दिग्दर्शक इथंच बसलाय.”

“बसू दे की. त्यालाच सांगाया पाह्यजे.”

आपल्याच शहरातल्या पोरानं काढलेला रहस्यपट, पहिला खेळ, वर फुकटचे पास. मोनिकानं सासूला ओढूनच आणलं होतं. घरी द्वारकाबाईंचे मालक, कडुबा, अकरा वर्षं अर्धांगानं खाटेला खिळलेले. तेव्हापासून बाई तीन तास अशा घराबाहेर राहिल्याच नव्हत्या. आज शेजारच्या रत्नमालेला त्यांच्यापाशी बसवलं होतं, तरी मध्यंतरात दोनदा फोन झाला. एवढा जीव मुठीत धरून यावं आणि बघायला काय मिळावं, तर हे! बाईंचा नुसता विरस झाला नव्हता. आपल्यालाच कुणी चारचौघांत बावळट म्हटलं, असं त्यांना वाटत होतं.

दिवे लागले. शिवराज, म्हणजे तो दिग्दर्शक, माईक घेऊन पुढं आला. स्वारी भलतीच खुशीत होती.

“खुनी कोण ते आधी कळलं, असं कुणी आहे का इथं?”

द्वारकाबाईंचा हात वर गेला. मोनिकानं पदर ओढला, पण बाई आता उभ्याच राहिल्या होत्या.

“मला कळलं व्हतं. पहिल्याच गाण्यात.”

लोक हसले. शिवराजही हसला. “ते कसं काय, मावशी?”

“बायकू त्याचे पाय धुती, तवा टाच दिसली. भेगाळलेली. पडून असलेल्या माणसाच्या टाचंला भेग नसती, बाबा. आमच्या ह्यांची टाच मी अकरा वर्षं रोज हातात घेते. तान्ह्या लेकरावानी झालीय.”

हसू विरलं. शिवराज ओशाळला. “चुकलं मावशी. मेकअपवाल्याच्या ध्यानात आलं नाही.”

“टाचंचं जाऊ दे. ती बाई बारा वर्षं त्याला न्हाऊ घालती, कूस बदलती, अन् तिला कळत नाय व्हय? तू डॉक्टरला फसव, पोलिसाला फसव. तिला कसा फसवशील? येडी हाय का ती?”

मग मागं कुठल्याशा बाईनं टाळी वाजवली. तिच्या शेजारणीनं वाजवली. बघता बघता सगळं थिएटर टाळ्या पिटू लागलं, आणि जमीनदाराला पडल्या नव्हत्या एवढ्या शिट्ट्या द्वारकाबाईंना पडल्या.

शिवराजनं टाळ्या संपू दिल्या. “मग शेवट काय करायचा होता, मावशी?”

“तिला पहिल्या दिसापासनं ठाव व्हतं, असं कर. मग बघ लोकं कशी हादरत्यात.”

माईक काखेत धरून शिवराजनं ते वाक्य मोबाइलमध्ये लिहून घेतलं, सगळ्यांदेखत. बाहेर पडताना मोनिका सासूचा हात धरून मुद्दाम गर्दीच्या मधून चालली. कुणी विचारायच्या आधीच सांगत होती, “माझ्या सासूबाई!”

घरी आल्या आल्या द्वारकाबाईंनी रत्नमालेला मोकळं केलं आणि तेलाची वाटी घेऊन खाटेशी बसल्या.

“कसा... व्हता?” कडुबांनी अर्ध्या तोंडानं विचारलं.

“लई खोटा. तुमच्यावानीच पडलेला माणूस, अन् शेवटाला उठून पळतोय.”

कडुबांना हसू आलं. तोंडाची एकच बाजू हसली. “मी... पळू?”

“पळा की. पण मला आधी कळंल.”

बोलता बोलता त्यांनी टाच तळहातावर घेतली आणि रोजच्यासारखा अंगठा कडेकडेनं फिरवला. एखादी भेग लागते का, ते त्या अकरा वर्षं रोज बघत होत्या. आजही टाच मऊच होती. त्यांनी तेलात बोटं बुडवली आणि दुसरा पाय जवळ ओढला.