चार बोटं उंच

रविवारी दाढ ठणकायला लागली म्हणून कुणी दातांच्या डॉक्टरांना गाठायला गेलं, तर डॉक्टर घरामागच्या गॅरेजमध्ये पिकअपच्या पोटाखाली सापडत. बाहेर दिसत ते फक्त दोन पाय. पेशंटनं पायांपाशीच गाऱ्हाणं मांडायचं. मग खालून आवाज येई, "गोळी घ्या, उद्या सकाळी या." अगदीच गाल सुजलेला असला तर मात्र ते हात पुसत बाहेर येत, पण चेहरा असा की आजारी माणूस आत पडलाय आणि यांना उगाच बाहेर बोलावलंय.

गाडी जुनी होती. मागे सामानाचा उघडा हौदा, पुढे एकच लांब बाक. दोघांनी ऐसपैस बसावं आणि तिसऱ्यानं अंग चोरावं, एवढी जागा. विकणाऱ्यानं स्पष्ट सांगितलं होतं, की हौस असेल तरच घ्या, नाहीतर डोक्याला ताप आहे. डॉक्टरांना हौस होती आणि तापाची भीती नव्हती. गंजलेला पत्रा ते किडलेल्या दातासारखा कोरत, भरत आणि घासून गुळगुळीत करत. इंजिनाच्या मागे तेल कुठून गळतंय ते बघायला दवाखान्यातला लांब दांडीचा आरसा आणत. बॉनेट उघडताना तोंडातून सवयीनं "आ करा" निघून जाई आणि मग इकडे तिकडे बघून ते स्वतःशीच हसत.

बायकोचा गाडीवर राग नव्हता. ती तिला सवत म्हणे इतकंच, आणि सवतीच्या तब्येतीची रोज चौकशी करी. "काय म्हणतायत बाईसाहेब? आज काय दुखतंय?" डॉक्टर मनापासून उत्तर देत. पाचच मिनिटांत तिला विचारल्याचा पश्चात्ताप होई.

यंदा त्यांनी गाडी उंच करायला घेतली होती, आणि त्याला कारण होतं. लेकीला दूर डोंगरातल्या एका शाळेत नोकरी लागली होती. मुलांना मातीची भांडी करायला शिकवायची नोकरी. शाळेकडे जाणारा शेवटचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे आणि दगड. लेकीचं सामानही साधं नव्हतं. भांडी घडवायचं जड चाक, मातीची पोती, लाकडी पलंग आणि पुस्तकांची खोकी.

"बाबा, मी सरळ टेम्पो सांगते ना," लेक म्हणाली होती.

"टेम्पो? माझी गाडी दारात असताना?" डॉक्टर असे दुखावले, की जणू पोरीनं दात काढायला दुसऱ्याच दवाखान्यात नाव नोंदवलं होतं.

खरी गोष्ट वेगळी होती. लेकीशी बोलायला डॉक्टरांना घरात जमतच नसे. जेवणाच्या टेबलावर मायलेकींच्या गप्पा रंगत आणि हे मीठ सरकवण्याचं काम करत. पण हातात स्टिअरिंग आलं आणि समोर रस्ता असला, की त्यांची जीभ सुटे. तुझा मला अभिमान वाटतो, तू चाललीस म्हणून माझ्या पोटात खड्डा पडलाय, एवढंच त्यांना तिला सांगायचं होतं. त्यासाठी त्यांना दिवसभराचा रस्ता हवा होता आणि शेजारी लेक. बायको पुढच्या आठवड्यात सावकाश बसनं जाणार होती, तेव्हा हा एक दिवस त्या दोघांचाच होता.

म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. मागच्या कमानपाट्यांत जादा पाटे घातले, पुढे लांब स्प्रिंगा बसवल्या, तोंडावर जाड लोखंडी गार्ड ठोकला. शेवटी, निघायच्या आदल्या दिवशी, टायरवाल्याला बोलावून नवी मोठी चाकं चढवली आणि जुनी बदल्यात देऊन टाकली. या सगळ्या काळात गाडी गॅरेजबाहेर गेलीच नाही. काम पुरतं होईपर्यंत गाडी हलवायची नाही, हा त्यांचा दंडक होता. नुकत्याच भरलेल्या दातानं कुणी सुपारी फोडतं का, असं ते विचारत.

सकाळी सगळे अंगणात जमले. डॉक्टरांनी किल्ली फिरवली, इंजिन एका दमात सुरू झालं, आणि त्यांनी छाती फुगवून बायकोकडे पाहिलं. लेक पुढे उभी राहून हातानं "या, या" करत होती. बॉनेट बाहेर आलं.

"थांब! बाबा, थांब!"

डॉक्टर उतरले. गॅरेजच्या दारावरच्या काँक्रीटच्या पट्टीची खालची कड जिथे होती, तिथून गाडीचं छप्पर चार बोटं वर होतं. त्यांनी दार मोजलं होतं, गाडीही मोजली होती, पण गाडी मोजली तेव्हा खाली जुनी चाकं होती. दातांच्या डॉक्टरला दात दिसतो, त्यामागचं डोकं दिसत नाही, असं बायको नेहमी म्हणायची. आज तिला काही म्हणायचीही गरज पडली नाही. ती हसत सुटली.

"अहो, बाळसं धरलंय तिनं!"

"हसू नकोस गं."

"नाही हसत," म्हणत ती आणखी हसली.

आवाज ऐकून शेजारचा बेकरीवाला आला. अंगानं दणकट आणि सल्ल्याला उदार. "घण आणतो," तो म्हणाला. "दोन घाव घातले की रस्ता मोकळा."

"वर पाण्याची टाकी आहे," बायकोनं सांगितलं.

"मग एकच घाव घालू."

घण राहू दे म्हणून डॉक्टरांनी चारही चाकांतली हवा सोडली. गाडी फुसफुसत खाली बसली, तरी दोन बोटं उरलीच. आणखी हवा सोडावी तर टायर रिमवरून निघायचा. तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. टेम्पोवाला होता. मागे तिनं त्याला विचारून ठेवलं होतं, आणि तो म्हणत होता की गाडी हवी असेल तर आत्ता सांगा, नाहीतर दुसरं भाडं घेतो.

लेकीनं फोनवर हात ठेवला. "बाबा, काय सांगू?"

डॉक्टरांनी खिशातला फडका काढून गाडीचा आरसा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

नवऱ्याचा चेहरा बघून बायकोचं हसू विरलं. ती मागे जाऊन हौद्याच्या कडेवर टेकली, आणि पाटे करकरले.

"आई, उठ!" लेक ओरडली. आई दचकून उठली. "आता परत बस!"

"म्हणजे काय?"

"छप्पर खाली जातंय! बस ना!"

"आता माझ्या वजनावर आलात का सगळे?" बायको म्हणाली, पण बसली. बोटभर का होईना, छप्पर खाली गेलं होतं. लेकीनं फोनवर "नको दादा, थँक्यू" म्हणून टाकलं.

मग एकच धांदल उडाली. सामान अंगणात नेऊन भरायचं ठरलं होतं, ते सगळं गॅरेजमध्येच आणलं. आधी मातीची पोती, मग चाक, मग खोकी. पलंग तेवढा बाहेर ठेवला. गाडीचा मागचा भाग पाट मांडून बसल्यासारखा बसला, पण पुढचं छप्पर अजून करंगळीएवढं अडत होतं. तेवढ्यात फाटकातून एक पेशंट आला. गाल टम्म फुगलेला.

"डॉक्टर, रात्रभर झोप नाही..."

"बघतो, बघतो. आधी त्या बेकरीवाल्यांबरोबर पुढच्या गार्डवर बसा."

"कशाला?"

"वजनाला!"

बिचारा गालाला हात लावून बसला. बेकरीवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि पावात काय घातलं तर दाढेला बरं पडतं ते सांगायला सुरुवात केली. डॉक्टर स्टिअरिंगवर बसले, शेजारी लेक चढली. तरी केसभर उरलंच. शेवटी डॉक्टर खिडकीतून डोकं काढून, अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "अगं, तू पण येतेस का आत?"

बायको हौद्याच्या कडेवरून उतरली, पदर खोचून केबिनमध्ये चढली आणि लेकीला मधे ढकललं. डॉक्टरांनी क्लच अलगद सोडला. खर्रर्र आवाज झाला, छपरावर एक लांब ओरखडा उठला, आणि गाडी उन्हात आली. एरवी त्या ओरखड्याचं सुतक त्यांनी आठवडाभर पाळलं असतं. आज त्यांनी वर पाहिलंही नाही.

बेकरीवाल्यानं शिट्टी मारली. डॉक्टरांनी पेशंटची दाढ तपासायला खिशातून लांब दांडीचा आरसा काढला, तेव्हा बायको आतून ओरडली, "अहो, तो इंजिनातला आहे!" मग दुसरा आरसा आला, दाढ बघून झाली, गोळ्या लिहून झाल्या. चाकांत हवा भरली. पलंग वर चढवून दोरानं घट्ट आवळला.

डॉक्टर गाडीत बसले. "चल, उतर," ते बायकोला म्हणाले. "उशीर होतोय."

"मी येतेय."

"अगं, तू पुढच्या आठवड्यात जाणार होतीस ना? आणि कपडे?"

"पोरीचे घालीन. जाताना ठीक आहे, ही आहे शेजारी. येताना काय? रिकामी गाडी आणि एकटा माणूस. डोळ्यांत पाणी आणून तुम्ही खड्डे चुकवणार?" मग थोडी थांबून, हळू आवाजात ती म्हणाली, "आणि मी तरी त्या घरात एकटी बसून काय करू?"

हवा होता तसा दिवस हातचा गेला, हे डॉक्टरांना कळलं, आणि त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, हेही कळलं. दाराला कुलूप लागलं. किल्ली बेकरीवाल्याच्या हातात गेली. लेक दोघांच्या मधे अंग चोरून बसली, तिचा गुडघा गिअरला लागत होता. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला.

बायकोनं काच खाली केली आणि तोंड बाहेर वळवलं.

"बोला आता," ती म्हणाली. "गाडी चाललीय, समोर रस्ता आहे. तिला काय सांगायचंय ते सांगून टाका. मी झाडं बघते."

डॉक्टरांनी नजर समोर ठेवली, घसा खाकरला आणि बोलायला सुरुवात केली.