हार्टनेटांचं पुढचं दार

कॉन हार्टनेट फ्रान्सच्या चिखलात गाडला गेला आणि इकडे लिमरिकमध्ये त्याच्या आईनं, नोराकाकूंनी, रिकाम्या पलंगावर त्याची रग्बीची जर्सी अंथरली. घड्याळ थांबवलं, बशीत तंबाखू नि मातीच्या चिलमी मांडल्या, पुढचं दार सताड उघडलं. मेलेल्यापाशी बसायला गल्ली लोटते, ही इथली रीत. पण कॉन मेला इंग्रजांच्या गणवेशात, आणि त्या साली, इंग्रजांनी आयरिश बंडखोरांना गोळ्या घातल्यापासून, त्या गणवेशाच्या नावानं गल्ली थुंकत होती.

कॉनच्या रग्बी संघाचा कप्तान मॅलकी सकाळपासून समोरच्या कोपऱ्यावर घुटमळत होता. एकदा मैदानात त्याचं डोकं फुटलं, तेव्हा कॉननं त्याला पाठुंगळीला घेऊन भर रस्त्यातून घरी नेलं होतं. आणि हा गडी आज कोण बघतंय ते बघत होता! लाज वाटत होती, पण लोक काय म्हणतील ही भीती तिच्यावर मात करत होती. शेवटी तो मागच्या बोळात शिरला आणि कोळशाच्या ढिगाला वळसा घालून स्वयंपाकघरात आला.

आत अख्खा संघ टोप्या हातात घेऊन बसला होता.

"या कप्तान, तुमचीच वाट होती," संघातला मिक म्हणाला. "आम्ही म्हटलं, कोळशात रुतला की काय."

कोणी हसलं नाही. नोराकाकू चहा ओतत होत्या.

"पुढचं दार सकाळपासून उघडं आहे, पोरांनो," त्या म्हणाल्या. "एक मांजर तेवढं आलं. माझा कॉन हरून आला तरी त्याच दारानं यायचा."

मॅलकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठून पुढच्या दाराकडे निघाला.

"थांब. आलास त्याच दारानं जायचं, नाहीतर घराचं नशीब बरोबर जातं. उरलंय तेवढं राहू दे मला."

तो मागून बाहेर पडला आणि बोळ ओलांडून धावतच पुढे आला. समोरच्या उंबऱ्यांवर बायाबापड्या उभ्या होत्या. दार आता बंद होतं. मॅलकीनं टोपी काढली आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं दार ठोठावलं.

"कोण आहे?"

"मी मॅलकी, काकू. कॉनसाठी आलोय."

पाठीवर गल्लीची नजर होती.

"मागचं उघडंच आहे, मॅलकी," काकू आतून म्हणाल्या. "तुला वाट ठाऊक आहे."