बेटावरची हलगी शहरात आली

मी हलगी बोलतेय, गोदावरीतल्या बेटावरची! कडुबानं लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलं, सुकवलं, काठीचं टिपरू हाणलं, आन् मी अशी कडाडले की काठावरचे बगळे उडाले.

बेटावर माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. बारशाला मी, लग्नाला मी. पूर चढला की माझा ताल वेगळा, पलीकडून नाव बोलवायचा ताल वेगळा. मग पूल झाला, हाती मोबाईल आले, आन् मी खुंटीवर गेले.

कडुबाची लेक करुणा लग्न होऊन शहरात, हर्सूलला राहायची. ती माहेरी आली आन् मला घेऊनच गेली. बापाचं बघून शिकलेली ती. रोज दुपारी वाजवायची. तिचं तान्हं लेकरू तर माझ्या तालावरच निजायचं!

यंदा एप्रिलात शहरात लोककलेची स्पर्धा होती. नावेचा ताल पहिल्यांदाच एवढ्या लोकांपुढं वाजणार! स्टेजवर जायच्या आधी करुणानं टिपरू मारून पाहिलं, तर फद्द!

"आत्याबाई, हिला पाणी लावलं का?"

सासू लीलाबाई चाचरल्या, "मळकी दिसत व्हती गं. म्हनलं, स्टेजवर चकाचक दिसावी. ओल्या फडक्यानं पुसली."

करुणाला रडूच फुटलं. ओलं कातडं सैल पडतं. बेटावर मला जाळावर शेकायचे, पण इथं काडेपेटी काढताच रखवालदार ओरडला. आणखी दोघींचं वाजवून झालं की करुणाचाच नंबर!

लीलाबाईंनी लेकरू सुनेकडं दिलं, पदर खोचला आन् मला घेऊन पळतच बाहेर. रणरणत्या उन्हात एक काळी जीप उभी होती. मला तिच्या बॉनेटवर पालथं घातलं.

"ओ मावशी, गाडी माझी हाय!"

"मंग मी कुठं माझी म्हनली? हलगी तापवते, भाकरी नाय थापत!"

ड्रायव्हर खो खो हसला आन् त्यानं इंजिनच चालू केलं. भट्टीच पेटली म्हणा ना!

आत करुणाचं नाव पुकारलं. लीलाबाईंनी टिचकी मारली. टण्ण!

धावत आत येऊन त्यांनी मला करुणाच्या हाती दिलं, लेकरू आपल्याकडं घेतलं. "पळ आता!"

पहिल्याच ठोक्याला सभागृह दणाणलं. करुणाचे हात थांबेनात, लोकांच्या टाळ्या थांबेनात. लेकराला छातीशी धरून लीलाबाई खुर्चीवर चढून ओरडत होत्या, "माझी सून हाय ती!"

आता दर रविवारी गल्लीतल्या सात-आठ बाया शिकायला येतात. माझं कातडं पातळ झालंय. त्या भीत भीत हात लावतात. अगं बायांनो, फाटेल म्हणून हात आखडू नका. फाटले तर नवं कातडं चढवा, पण वाजवा, लई जोरात वाजवा!