ईशान्येचा खांब

तिसऱ्या दिवशीही लाकडं हलली नाहीत, तेव्हा आश्रुबाच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

पालमच्या अलीकडच्या त्या गावात देवळापुढं नवा सभामंडप बांधायचा होता. सप्ताह, कीर्तनं, पंगती, सगळं पुढं त्याच छताखाली व्हायचं. बांधकामाआधी जमीन तपासायला परभणीहून बोअरचं मशीन आलं होतं. मशीन चालवणारा आश्रुबा, आणि त्याचे आकडे कागदावर घेणारी ईश्वरी मॅडम, नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झालेली इंजिनिअर. दोन भोकं पाडायची होती. नैर्ऋत्येच्या खांबाच्या जागचं पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत झालं. ईशान्येच्या जागी मॅडमनं चुन्याची फुली मारली, आणि जेवून येऊन बघतात तर फुलीवर सप्ताहाच्या भट्टीची ट्रॅक्टरभर लाकडं रचलेली.

"सप्ताह उठला की हलवू," देवस्थानचे अध्यक्ष अप्पाराव म्हणाले. "न्हाईतर एका भोकावर भागवा की. जमीन एकच हाय, हिथं काय अन् तिथं काय."

आश्रुबा माळकरी माणूस. पंचवीस वर्षं मराठवाडाभर जमिनीला भोकं पाडत हिंडला, पण शेजारी कीर्तन असलं की त्याचं इंजिन बंद. टाळकऱ्यांनी ठेका धरला, महाराज उभे राहिले, की हा ग्रीसचे हात राखेनं घासून मागच्या सतरंजीवर हजर. त्या रसात त्याला तहानभूक आठवत नसे. अप्पारावांनी हे पहिल्याच दिवशी हेरलं. त्यानं लाकडांचा विषय काढला की ते त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे.

"आश्रुबा, चला. महाराज उभे राहायलेत."

आणि हा भाबडा चावी खिशात घालून त्यांच्यामागं जायचा. पहाटे काकडा, मग पारायण, दुपारी प्रवचन, सांजेला हरिपाठ आणि कीर्तन. मशीनला वावच उरत नव्हता. उद्या काला, आणि काला झाला की मशीन परभणीवरून पाथरीच्या कामावर निघणार.

भट्टीपाशी डाळ निवडणाऱ्या कडूबाईनं त्याला जवळ बोलावलं.

"कवापासून त्या लाकडाकडं बघायलास. तिथं आड हाय बाबा. गावाचा जुना आड. ह्या अध्यक्ष आप्पानं सरपंच असताना बुजविला."

"कशानं बुजविला?"

"घावंल त्यानं. उकिरडा, पडक्या घराची माती, एक वाळली बाभळ. वरून दोन ट्रॉल्या मुरूम. बिलाच्या फोटूत तेवढा मुरूमच आला."

"मग मंडप दहा फूट दक्षिणेला घ्यायचा की, मावशे."

"घेतूस कुठं? दहा फुटावर आप्पाच्या भाड्याच्या दुकानांच्या शटरा हायती. त्या पाडाव्या लागत्याल."

आश्रुबा आतून पेटला. त्याला आडाचा राग नव्हता, शटरांचाही नव्हता. त्याच्या भक्तीची कडी करून या माणसानं दार लावून घेतलं होतं, आणि तीन दिवस तो स्वतःच ती कडी आतून धरून बसला होता.

काल्याच्या दिवशी, काकडा संपताच त्यानं दोन गड्यांना घेऊन लाकडं बाजूला केली. इंजिन लावलंच नाही. हातानं फिरवायचं गिरमिट लावलं. पहिल्या भोकात चार फूट काळी माती, मग घट्ट मुरूम आणि खाली कातळ लागला होता. इथं वरचा हातभर मुरूम सरला आणि दह्यात रवी फिरावी तसं गिरमिट खाली गेलं. दहा फुटांवर त्यानं ते थांबवलं. आता ठोक्यांची तपासणी. रॉडच्या टोकाला नळी लावून ती भोकात सोडायची, वरून साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा अडीच फुटांवरून पाडायचा, आणि नळी किती ठोक्यांत दीड फूट आत जाते ते मोजायचं. त्यानं रॉडवर अर्ध्या अर्ध्या फुटावर खडूनं तीन खुणा केल्या, तेवढ्यात सप्ताहाच्या मांडवात टाळ वाजले.

"काका, कीर्तन सुरू झालं," ईश्वरी हळूच म्हणाली. "थांबायचं?"

"तुमी कागद धरा, मॅडम."

अप्पाराव मांडवातून तरातरा आले. उपरणं खांद्यावरून घसरलेलं.

"लाकडं कुणाला इचारून हलविली? अन् काल्याच्या कीर्तनात लोखंड ठोकतूस व्हय? माळकरी म्हणवतूस ना? माळ काढून ठेव आदी."

"माळ राहू द्या गळ्यात. तिच्यामुळंच ठोकायलोय."

मांडवात महाराज गोपाळांच्या शिदोऱ्या सोडत होते. कुणाची शिळी भाकर, कुणाचं ताक, देवानं सगळं एकत्र कसं केलं ते रंगवून सांगत होते. हा प्रसंग ऐकायला आश्रुबा दहा कोस चालत गेला असता. त्यानं गड्यांना खूण केली. दोर ओढला गेला, सुटला.

ठण्ण.

मृदंग थांबला. पाचशे माणसांनी माना वळवल्या. दोर पुन्हा ओढला गेला.

ठण्ण.

तिसऱ्या ठोक्याची गरजच पडली नाही. खडूच्या तिन्ही खुणा जमिनीत गेल्या होत्या.

"काय चाललंय तिथं?" महाराजांचा आवाज कडक होता.

आश्रुबा मांडवाच्या कडेला गेला आणि त्यानं जमिनीला डोकं टेकलं. मग उठून हात जोडले.

"अपराध झाला महाराज, पोटात घाला. पर पल्याडच्या, नैर्ऋत्येच्या खांबाच्या जागी बत्तीस ठोके लागले, अन् हिथं दोन. खाली आड हाय, आडात उकिरडा हाय. ह्याच्यावर स्लॅब चढला तर एखाद-दोन पावसाळे निघत्याल. मग खांब खचंल. अन् ह्या अंगाला बाया बसत्यात."

"देवाच्या दारात देव राखतो," अप्पाराव म्हणाले. "तू नको आमाला शिकवू."

"देवानं बाया राखायच्या, अन् तुमी शटरा राखायच्या. चांगली वाटणी केली मालक."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. महाराजांनी चिपळ्या खाली घेतल्या.

"अप्पाराव, एवढंच सांगा. त्या खांबाच्या बुडाशी तुमच्या घरची माणसं बसत्याल का?"

"बसत्याल की. पहिल्या रांगेत बसत्याल."

"मी न्हाई बसणार."

बायकांच्या रांगेतून आवाज आला. अनसूयाबाई, अप्पारावांची बायको. ती उठली नाही, पदरही सारखा केला नाही.

"आडात काय काय टाकलं ते मी माडीवरून बघितलंय. मी न्हाई बसणार, अन् सुनंलाबी बसू देणार न्हाई."

अप्पारावांचं तोंड तांबडंलाल झालं. बायकोला चारचौघांत रागवता येईना, म्हणून ते ईश्वरीकडं वळले.

"पोरी, पहिल्या भोकाचा आकडा दोन्हीकडं लिही. तुझ्या सायबाशी मी बोलतो."

ईश्वरीनं आश्रुबाकडं पाहिलं.

"काका, किती?"

"दोन."

तिनं दोन लिहिलं. खाली लिहिलं, जुना आड, या जागी खांब घेऊ नये. मग म्हणाली, "गावातल्या साक्षीदाराची सही लागते."

अप्पारावांनी पाठ फिरवली. पुरुषांच्या रांगेत जो तो गुडघ्याकडं बघू लागला. अनसूयाबाई उठली, आली, सावकाश अक्षर लावून सही केली. तिच्यामागं कडूबाईनं अंगठा पुढं केला. मग एकेक बाई यायला लागली. सहीची जागा संपली तेव्हा मॅडमनं कागद उलटा केला.

महाराजांनी पुन्हा गजर धरला. गडी म्हणाले, "चला, आता बसू खाली." आश्रुबा गेला नाही. त्यानं नळी वर ओढली, उघडली. काळा चिखल, प्लॅस्टिकची पिशवी, कुणाच्या तरी चपलेचा अंगठा. ते सगळं त्यानं नमुन्याच्या थैलीत भरलं, तोंड घट्ट बांधलं, आणि थैली टेम्पोच्या हौद्यात टाकली नाही. वाटेत कुणी बदलू नये म्हणून परभणीच्या ऑफिसात पोचेपर्यंत ती मांडीवरच ठेवायची, असं त्यानं गड्यांना बजावून सांगितलं.