ट्रान्सफॉर्मर मुरबाडला चालला

शेणव्याच्या पुढच्या पाड्यातल्या कमळूने जन्मभर थापा मारल्या आणि लोकांनी त्या आवडीने ऐकल्या. एकदा म्हणे व्होल्टेज इतकं चढलं, की त्याच्या पंख्याने घरावरची अकरा कौलं सिद्धगडावर नेऊन टाकली. नऊ त्याने वेचून आणली, दोन वानरांनी दिली नाहीत. आता म्हातारपणी, थाप मारायचंही त्राण उरलं नसताना, त्याच्यावर खरं सांगायची वेळ आली.

पेच होता अंड्यांचा. त्याच्या बायकोने, राहीने, अंडी उबवायचं यंत्र घेतलं होतं. आत चाळीस गावठी अंडी, आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं निघायची. पण रोज दिवेलागणीला व्होल्टेज चढायचं. बल्ब पांढरेफटक व्हायचे, पंखे घूं घूं करायचे. वरच्या आळीत हाक फिरायची, "बंद करा रे," आणि जो तो मेन स्विच पाडायचा. कमळूचे गुडघे त्याला स्विचपाशी सगळ्यांत शेवटी पोचवायचे. त्यात दोन टीव्ही आणि एक मिक्सर गेला.

शहापूरला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या रूपेशने त्याला समजावलं.

"काका, घरात दोनशे तीस यायला पाहिजे. वीसेक इकडेतिकडे यंत्र सोसतं. तुमच्याकडे तीनशे येतात, कारण खांबावरचा न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या तारेचा, जोड सैल झालाय. संध्याकाळी खालच्या आळीत गिरणी चालते आणि वर तुमी सगळं बंद करता. मग ज्याचं चालू राहिलं, त्याच्यावर सगळा जोर."

रूपेशने व्होल्टेजचा आकडा दाखवणारा एक डबा दिला. व्होल्टेज दोनशे पन्नासच्या वर गेलं की तो लाईन तोडायचा, उतरलं की जोडायचा.

"म्हणजे अंडी वाचली," कमळू म्हणाला.

"यंत्र वाचलं. लाईन नाय तर अंडी गारच पडणार. वायरमनला गाठा."

वायरमन तीन आठवडे 'उद्या' म्हणत होता.

एकोणिसाव्या दिवशी, शनिवारी, संध्याकाळी हाक फिरली. डबा टक् झाला आणि यंत्रातला दिवा गेला. राहीने वर गोधडी टाकली.

"जावा, सांगा सगळ्यांना," ती म्हणाली.

कमळू गुडघे धरत शेजारच्या लक्ष्मीकडे गेला. "लक्ष्मी, टीव्ही-फ्रीजची पिन काढ, पण विजेची शेगडी लाव, पाण्यातला रॉड लाव. आळीत लोड आला का व्होल्टेज उतरतं."

"व्होल्टेज चढलं म्हणून अजून लावायचं? मग कौलं आणायला सिद्धगडावर मी जाऊ का, मामा?"

पुढच्या घरी बाळारामने दार अर्धंच उघडलं. "मामा, ही गोष्ट कच्ची आहे. जरा पिकवून आणा."

कमळू त्याच्याच ओट्यावर बसला. अजून सहा घरं होती आणि खरं बोलून घसा कोरडा पडला होता.

"नको लावू," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तसाही आपला ट्रान्सफॉर्मर मुरबाडला चाललाय."

"कोण बोलला?"

"संध्याकाळी वरच्या आळीत कोण वीज वापरतच नाय, असं कागदावर आलंय. मुरबाडकडच्या एका गावाला तो पाहिजे. सोमवारी गाडी येणार."

बाळाराम आत वळला. मेन स्विच वर गेल्याचा आवाज आला. दहा मिनिटांत बातमी फिरली आणि अख्ख्या आळीत बादल्यांना वाफा आल्या. बाळाराम लग्नातल्या सदऱ्याला तिसऱ्यांदा इस्त्री करत होता. कमळू घरी पोचला तेव्हा डब्यावर दोनशे अडतीस होते. थोड्या वेळाने टक् झालं आणि यंत्रात उजेड पडला.

रविवारीही आळी ऊनऊन पाण्याने न्हाली. सोमवारी पहाटे अंडी टिचली. एकतीस पिल्लं निघाली. कमळूने पहिल्यांदाच आकडा वाढवून सांगितला नाही.

तो पिल्लांवर उबेचा बल्ब टांगत होता, तेवढ्यात बाळाराम धापा टाकत आला.

"मामा, तुमी बोलला तसंच झालं. वायरमन गाडी घेऊन आलाय. जोड आवळायला आलोय म्हणतो. आमी त्याला खांबाला हात लावू देत नाय. लक्ष्मी शिडीवर बसलीय."

कमळूने डोळे मिटले. जोड आवळला नाही, तर आज संध्याकाळी पिल्लं गारठणार.

"आता तरी खरं सांगा," राही म्हणाली.

"खरं सांगून बघितलं की, गो. पाय तुटतात त्याने."

त्याने चपला घातल्या. खांबापर्यंत आठ घरं होती. पाचव्या घरापाशी त्याला सुचलं: आपला न्यूट्रल मुरबाडवाल्यांनी कधीच काढून नेलाय. हा बिचारा तो परत बसवायला आलाय.